बेदरकार वाहन चालवल्याच्या खटल्यात परवाना निलंबित होतो तेव्हा: चालकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

धोकादायक किंवा बेदरकार वाहन चालवल्याचा आरोप आला की बहुतेक चालकांना दंडाच्या रकमेचीच काळजी लागते. दंड भरून विषय मिटतो, असे ते धरून चालतात आणि परवान्याचा प्रश्न त्यांना पुष्कळ उशिरा कळतो. तोवर कबुली देऊन झालेली असते, अपिलाची मुदत सरत आलेली असते आणि हातात आदेशाची प्रतसुद्धा नसते. माझ्या धाकट्या भावावर असा खटला चालला तेव्हा परवाना कार्यालय आणि न्यायालय या दोन्ही ठिकाणी मी त्याच्याबरोबर होतो. त्या काळात जे समजून घ्यावे लागले, ते नव्याने या वाटेवर येणाऱ्यांसाठी क्रमाने मांडत आहे.

आरोप खरा असेल आणि रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली असेल, तर शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु परवाना काढून घेण्याचा अधिकार कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या पद्धतीने आहे, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने ठरवून दिले आहे आणि त्या पद्धतीचा आग्रह धरणे हा आरोपीचाही हक्क आहे. गाडी चालवून पोट भरणाऱ्याच्या बाबतीत तर तीन महिन्यांचे निलंबन म्हणजे तीन महिन्यांची कमाई बंद. पुढील माहिती कायद्याच्या सर्वसाधारण मांडणीची आहे. अपघातात कोणाचा मृत्यू झाला असेल किंवा गंभीर दुखापत असेल, तर पहिल्या दिवसापासून वकील घ्यावा.

१. आदेश कोणाचा आणि कोणत्या कलमाखालचा, हे आधी ओळखा

‘लायसन सस्पेंड झाले’ हे एकच वाक्य चार वेगळ्या परिस्थितींसाठी वापरले जाते. प्रत्येकीत तुमचे म्हणणे मांडण्याची जागा वेगळी आणि दाद मागण्याचे ठिकाणही वेगळे, त्यामुळे इथे घोळ झाला की पुढचे सगळे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात.

पहिली परिस्थिती पोलिसांनी परवाना ताब्यात घेतल्याची. कलम २०६ खाली पोलीस परवाना जप्त करून पुढे पाठवू शकतात, पण जप्ती म्हणजे निलंबन नव्हे. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने वेगमर्यादेच्या उल्लंघनाच्या एका प्रकरणात हाच फरक स्पष्ट केला होता: परवाना निलंबित करण्याचा अधिकार परवाना प्राधिकरणाचा आहे आणि पोलिसांचे काम परवाना ताब्यात घेऊन त्या प्राधिकरणाकडे पाठवण्यापुरते आहे.

दुसरी परिस्थिती परवाना प्राधिकरणाच्या, म्हणजे व्यवहारात आरटीओच्या आदेशाची. हा आदेश कलम १९ खाली होतो आणि त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध व्हावा लागत नाही.

तिसरी परिस्थिती न्यायालयाच्या आदेशाची. कलम २० खाली दोषसिद्धीनंतर न्यायालय इतर शिक्षेसोबत चालकाला परवाना धारण करण्यास अपात्र ठरवू शकते. ही दोषसिद्धी मोटार वाहन अधिनियमाखालचीच असावी लागते असे नाही. ज्या गुन्ह्यात मोटार वाहन वापरले गेले, असा कोणताही गुन्हा यासाठी पुरतो, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालचा, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हाही यात येतो.

चौथी परिस्थिती फार थोड्यांना माहीत असते. कलम २१ नुसार, ज्याला पूर्वी कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहनचालनासाठी, शिक्षा झाली आहे, त्याच्यावर पुन्हा अशाच चालवण्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर त्या वर्गाच्या वाहनापुरता त्याचा परवाना गुन्हा नोंदल्याच्या तारखेपासून सहा महिने आपोआप निलंबित होतो. त्याआधी तो निर्दोष किंवा दोषमुक्त ठरला तर निलंबन तिथेच संपते. यात आधी सुनावणी नसते. पुढे पाचव्या टप्प्यात कबुलीबद्दल मी इतके सविस्तर का लिहिले आहे, त्याचे एक कारण हेच आहे.

२. परवाना ताब्यात घेतला गेला तर पोचपावती नीट वाचा

परवाना दिला की तात्पुरती पोचपावती मागून घ्यावी. ती देणे बंधनकारक आहे. पोचपावती हातात पडल्यावर जप्ती कोणत्या पोटकलमाखाली झाली, हे आधी पाहावे, कारण दोन पोचपावत्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा परिणाम उलट असतो.

चालक समन्स टाळेल किंवा फरार होईल अशा शंकेवरून परवाना घेतला असेल, तर तो न्यायालयाकडे जातो आणि पोचपावतीवर नमूद तारखेपर्यंत किंवा परवाना परत मिळेपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोपर्यंत, तुम्हाला गाडी चालवता येते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये पोटकलम ४ आले. अतिवेग, धोकादायक वाहनचालन, मद्यपान करून वाहन चालवणे, शर्यत लावणे, हेल्मेट न घालणे अशा ठरावीक गुन्ह्यांत परवाना जप्त करून थेट परवाना प्राधिकरणाकडे पाठवण्याची ही तरतूद आहे आणि या पोटकलमाखालच्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. पावती खिशात आहे म्हणून गाडी काढणाऱ्यांची इथेच फसगत होते.

दुसरी फसगत तडजोड शुल्काची. जागेवर किंवा ऑनलाइन चलान भरले की प्रकरण संपले असे वाटते. कलम २०० खाली तडजोड झाली तरी कलम २०६(४) खालची कारवाई सुटत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणून चलान भरल्यानंतरही आरटीओची नोटीस आली तर ती चुकून आली असावी असे समजून बाजूला टाकू नये.

३. घटनेच्या तारखेपासून दिवस मोजा

कलम २०९ हे चालकाच्या बाजूचे एक महत्त्वाचे संरक्षण आहे आणि तरीही खटल्यात त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. अतिवेग (कलम १८३) किंवा धोकादायक वाहनचालन (कलम १८४) यांसाठी कोणालाही दोषी ठरवण्यापूर्वी पुढील तीनपैकी एक गोष्ट घडलेली असली पाहिजे. एक तर गुन्ह्याच्या वेळीच चालकाला खटल्याचा विचार केला जाईल अशी ताकीद दिलेली असावी. किंवा १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस त्याला अथवा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला बजावलेली अथवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी. किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे.

म्हणून आलेले प्रत्येक पाकीट जपून ठेवा, कारण आतल्या कागदाइतकाच टपालाचा शिक्का महत्त्वाचा असतो. या संरक्षणाला मर्यादाही आहेत. चालकाचा किंवा मालकाचा पत्ता रास्त प्रयत्न करूनही वेळेत मिळाला नसेल, अथवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोहोचली नसेल, तर न्यायालय ही त्रुटी दुर्लक्षित करू शकते. शिवाय हे कलम भारतीय न्याय संहितेखालच्या आरोपाला लागू होत नाही. जागेवर ताकीद दिली होती असे पोलीस साक्षीदार सांगत असेल, तर ती कोणत्या शब्दांत आणि कोणासमोर दिली, त्याची नोंद कुठे आहे, हे उलटतपासणीत विचारले गेले पाहिजे. तसे विचारायला वकिलाला सुचावे, यासाठी दिवसांचा हिशोब तुम्हीच एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्या.

४. कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

न्यायालयासाठी आणि परवाना कार्यालयासाठी जवळपास तेच कागद लागतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन प्रती काढाव्यात.

– मूळ परवाना, किंवा तो जप्त असल्यास पोचपावती. आरोपीने न्यायालयात येताना, परवाना स्वतःजवळ असल्यास, तो सोबत आणणे कलम २४ नुसार आवश्यक आहे.
– वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, पीयूसी प्रमाणपत्र आणि व्यावसायिक वाहन असल्यास परमिट व फिटनेस प्रमाणपत्र.
– चलान, समन्स, नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट.
– एफआयआर व दोषारोपपत्राची प्रत. पोलीस अहवालावरून चालणाऱ्या खटल्यात ही प्रत आरोपीला विनामूल्य मिळते.
– घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाच्या तपासणीचा अहवाल, तसेच स्वतः काढलेली छायाचित्रे आणि डॅशकॅमचे चित्रण असल्यास ते.
– उपजीविकेचा पुरावा: नोकरीचे पत्र, मालकाचा दाखला, ॲप-टॅक्सी किंवा मालवाहतुकीच्या कमाईचे बँक विवरण.
– आजवरचा चालक म्हणून इतिहास. सारथी पोर्टलवर परवान्याची आणि ई-चलान पोर्टलवर वाहनाच्या चलानांची स्थिती पाहता येते. दोन्हींची तारखेसह छापील प्रत काढून ठेवा.

या शेवटच्या कागदाचा एक उपयोग असा की, पूर्वीच्या गुन्ह्याचा शेरा दुसऱ्याच कोणाचा तुमच्या नावावर चढलेला असेल, तर तो सुनावणीच्या आधीच लक्षात येतो. गाडी विकली असूनही हस्तांतरणाची नोंद राहून गेली असेल, तर नव्या मालकाची चलाने जुन्याच्या नावावर साठत जातात. ‘दुसरा गुन्हा’ या दोन शब्दांनी पुढचा सगळा हिशोब बदलतो, म्हणून ही पडताळणी टाळू नये.

५. पहिल्या तारखेला: कबूल की नाकबूल

या टप्प्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण परवाना खरा इथे जातो आणि जाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

वाहतुकीच्या खटल्यांच्या दिवशी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात बोर्डावर मोठी यादी असते. नाव पुकारले जाते, आरोपी पुढे जातो, त्याला आरोप थोडक्यात सांगून ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाने आधीच्या माणसाला ‘हो’ म्हणून दंडाच्या खिडकीकडे जाताना पाहिलेले असते. तोही ‘हो’ म्हणतो, कागदावर अंगठा किंवा सही होते, पावती मिळते आणि तो सुटल्याच्या भावनेने बाहेर पडतो. आरोप कलम १८४ खालचा होता की वाहतुकीच्या एखाद्या साध्या नियमाचा, हे बाहेर आल्यावर विचारले तर अनेकांना सांगता येत नाही.

कबुली म्हणजे दोषसिद्धी. कलम १८४ खाली पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. न्यायालयाने दंडावर सोडले तरी दोषसिद्धीची नोंद राहते आणि ती परवाना प्राधिकरणाला कळवणे कलम २१० नुसार न्यायालयावर बंधनकारक आहे. त्यानंतर कलम १८४ खालीच दुसरी दोषसिद्धी झाली, तर कलम २०(३) नुसार न्यायालयाने चालकाला अपात्र ठरवलेच पाहिजे. तसे न करण्यासाठी न्यायालयाला विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अपात्रतेचा काळ पाच वर्षांपर्यंत जाऊ शकतो. वाढीव शिक्षेसाठी कलम १८४ मध्ये तीन वर्षांच्या आतला दुसरा गुन्हा अशी मर्यादा आहे, परंतु कलम २०(३) आणि कलम २१ यांच्या शब्दांत तशी वर्षांची मर्यादा नाही. म्हणजे आज दंड भरून विसरलेली कबुली पुष्कळ वर्षांनी एखाद्या अपघातानंतर अचानक जिवंत होऊ शकते.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी पुढील गोष्टी शांतपणे कराव्यात. आरोप कोणत्या कलमाखाली आहे, हे न्यायालयाला नम्रपणे विचारावे. आरोपाचा गाभा आरोपीला समजावून सांगणे ही समन्स खटल्यातली, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच्या साध्या पद्धतीच्या खटल्यातली, कायद्याने ठरवलेली पायरी आहे, त्यामुळे असे विचारण्यात गैर काही नाही. दोषारोपपत्र वाचलेले नसेल, तर प्रत आणि वेळ मागावी. वकील नसेल, तर तो नेमण्यासाठी पुढची तारीख मागावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत विधी साहाय्य मिळते.

टपालाने कबुली देण्याची सोयही कलम २०८ मध्ये आहे. समन्सवर दंडाची रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, ती पाठवली की न्यायालयात जावे लागत नाही. सोय आकर्षक आहे, पण टपालाने दिलेली कबुलीही कबुलीच असते, तेव्हा समन्सवरचे कलम वाचल्याशिवाय ती वापरू नये.

दोष मान्य असेल आणि कबुली द्यायचीच असेल, तर ती समजून-उमजून द्यावी. कबुली शक्यतो आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवली जावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. नोंदवलेले वाक्य सही करण्याआधी वाचून घ्या किंवा वाचून दाखवण्याची विनंती करा. लोकअदालतीत प्रकरण मिटवत असाल, तर नोंद तडजोडीची होणार आहे की दोषसिद्धीची, एवढा एकच प्रश्न तिथे आधी विचारा.

६. परवान्याबाबतचे म्हणणे न्यायालयापुढे लेखी ठेवा

आरटीओच्या आदेशासाठी कलम १९ मध्ये ‘म्हणणे मांडण्याची संधी’ हे शब्द आहेत. न्यायालयाच्या आदेशाच्या कलम २० मध्ये ते शब्द नाहीत आणि समन्स खटल्यात दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत स्वतंत्र सुनावणीची पायरीही कायद्याने आखून दिलेली नाही. माझ्या मते ही खरी उणीव आहे, कारण दंड किती आणि परवाना किती काळ, हे दोन्ही प्रश्न एकाच दमात निकालात निघतात. ती भरून काढण्याचा उपाय म्हणजे आपण होऊन बोलणे. वकिलामार्फत किंवा स्वतः, परवान्यापुरते एक-दोन पानांचे लेखी निवेदन तयार ठेवा आणि दोषसिद्धीची शक्यता दिसताच ते दाखल करा, म्हणजे न्यायालयाच्या रोजनाम्यात (दर तारखेच्या कामकाजाच्या टिपणात) त्याची नोंद येईल. तुम्ही हा मुद्दा मांडला होता याचा पुरावा अपिलात लागतो.

निवेदनात दयेच्या सर्वसाधारण विनवण्यांपेक्षा नेमक्या मागण्या असाव्यात. सर्वांत उपयोगी मागणी वाहनाच्या वर्गाची आहे. कलम २०(१) नुसार न्यायालय सर्व वर्गांच्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकते किंवा एखाद्याच वर्गापुरते. दुचाकीवरून घडलेल्या गुन्ह्यासाठी ट्रक चालवण्याची परवानगीही जावी का, हा प्रश्न न्यायालयापुढे कोणी ठेवलाच नाही, तर आदेश सरसकट होण्याची शक्यता अधिक. दुसरी मागणी कालावधीची, आणि परवाना आधीच ताब्यात असलेले दिवस त्यात लक्षात घेण्याची. तिसरी, चाचणीची: कलम १८४ खाली दोषी ठरलेल्याला पुन्हा वाहनचालन चाचणी द्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला कलम २०(४) ने दिला आहे, तेव्हा तशी चाचणी देण्याची तयारी आपण होऊन दाखवावी. सोबत स्वच्छ इतिहासाची छापील प्रत आणि उपजीविकेचे कागद जोडावेत. जखमीला तुम्हीच रुग्णालयात नेले असेल, तर त्याचा पुरावा अवश्य जोडावा.

न्यायालयाच्या हाती निवड नसते अशी प्रकरणेही आहेत. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल (कलम १८५) दोष सिद्ध झाल्यास किमान सहा महिने आणि अपघातानंतर जखमीला मदत न करणे, पोलिसांना न कळवणे (कलम १३४) यासाठी किमान एक महिना अपात्रता सक्तीची आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वेळच्या निव्वळ अतिवेगाच्या दोषसिद्धीवर मात्र न्यायालयाला कलम २०(१) खाली अपात्र ठरवता येत नाही. तसा आदेश झाला असेल, तर अपिलात पहिला मुद्दा तोच.

७. आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली तर

नोटिशीत तारीख, आरोपित कृत्य आणि कलम स्पष्ट आहे का, ते पाहा. ‘रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने आपला परवाना का निलंबित करू नये’ एवढेच मोघम लिहिले असेल, तर पहिल्या उत्तरातच आरोपाचा तपशील आणि ज्या अहवालावरून नोटीस काढली त्याची प्रत मागा. आरोप काय आहे हेच माहीत नसेल, तर त्यावर म्हणणे मांडण्याची संधी नावापुरतीच उरते.

परवाना कलम २०६(४) खाली पाठवला गेला असेल, तर कलम १९(१अ) लागू होते. प्राधिकरणापुढे तेव्हा दोनच वाटा असतात: म्हणणे ऐकून चालकाला मोकळे करणे, किंवा सविस्तर कारणे लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवणे. दुसऱ्या किंवा नंतरच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द होऊ शकतो. ‘सविस्तर कारणे’ ही अट आहे, त्यामुळे छापील नमुन्यात फक्त नाव आणि परवाना क्रमांक भरलेला आदेश अपिलात टिकणे अवघड ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना अतिवेग, सिग्नल तोडणे, मद्यपान, मोबाइलचा वापर अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाने निलंबित करण्यास सांगितले होते आणि अधिकारी सुनावणीत त्याचा दाखला देतात. त्या निर्देशांनी कारवाईला जोर आला, पण म्हणणे ऐकण्याची कलम १९ मधली अट त्यामुळे पुसली गेलेली नाही. सुनावणीला उत्तर लेखी द्या, आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक तुमच्या प्रतीवर घ्या, आणि तोंडी सांगितलेला महत्त्वाचा मुद्दा त्याच दिवशी पुरवणी अर्जाने लेखी करा.

८. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती ओळ न् ओळ वाचा

न्यायालयाच्या आदेशासाठी नक्कल विभागात त्याच दिवशी अर्ज करावा. प्रत हाती आल्यावर कलम, वाहनाचा वर्ग, कालावधी, तो कोणत्या तारखेपासून सुरू होतो ती तारीख आणि कारणे, एवढे तपासा. सुरुवातीची तारीख लिहिलेली नसेल, तर स्पष्टीकरणासाठी ताबडतोब अर्ज करावा, कारण न्यायालय आणि परवाना कार्यालय यांच्या नोंदींत वेगवेगळी तारीख पडली, तर परवाना परत मिळताना आठवडे जातात. आदेशानुसार परवाना जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या.

९. दाद मागण्याचे तीन मार्ग

आरटीओच्या आदेशाविरुद्ध कलम १९(३) नुसार आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत विहित प्राधिकरणाकडे अपील करता येते. मुदत मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून इथेही पाकीट महत्त्वाचे.

न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील जाते आणि मुदत ३० दिवसांची असते. कबुली दिलेली असेल, तर दोषसिद्धीला सहसा आव्हान देता येत नाही आणि वाद शिक्षेचे प्रमाण व वैधता यांपुरता उरतो. किरकोळ दंडाच्या प्रकरणांत तर अपीलच नसते. पण इथे कलम २०(५) मदतीला येते: दोषसिद्धीविरुद्ध अपील होत नसले, तरी कलम २०(१) खालचा अपात्रतेचा आदेश अपील न्यायालय रद्द करू शकते किंवा बदलू शकते. ‘अपील लागत नाही’ असे कोणी सांगितले तर हे पोटकलम दाखवा.

अपील दाखल केले म्हणून अपात्रता थांबत नाही, हेही लक्षात ठेवावे. कलम २३(२) नुसार अपील न्यायालयाने तसा आदेश दिला तरच कलम २० खालच्या अपात्रतेची अंमलबजावणी स्थगित होते. शिक्षेला स्थगिती मिळाली की परवान्यालाही मिळाली, असे गृहीत धरून गाडी चालवू नये. स्थगितीच्या अर्जात परवान्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात लिहा आणि आदेशातही ती स्वतंत्रपणे आली आहे का, ते पाहा.

तिसरा मार्ग मोठ्या कालावधीच्या आदेशांसाठी आहे. आदेशाला सहा महिने झाल्यानंतर, ज्या न्यायालयाने किंवा प्राधिकरणाने तो दिला त्याच्याकडेच अपात्रता दूर करण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी कलम २३(३) खाली अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला, तर पुढचा अर्ज आणखी तीन महिन्यांनी. मधल्या काळातले प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नव्या तक्रारीचा अभाव यांचे कागद जोडले, तर अर्जाला वजन येते.

१०. अपात्रतेच्या काळात आणि परवाना परत घेताना

या काळात गाडी चालवणे हा कलम १८२ खालचा वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. डिजिलॉकरमध्ये परवाना अजून दिसतो, म्हणून तो चालू आहे असे होत नाही. अपात्र व्यक्ती गाडी चालवत असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला अटींचा भंग झाल्याचा बचाव घेता येतो आणि भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येऊ शकतो. व्यावसायिक गाडीच्या मालकाला निलंबनाची माहिती चालकाने लेखी द्यावी, हे यासाठीच.

कलम १९ खाली निलंबित झालेला परवाना मुदत संपली की आपोआप हातात येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून चालक उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा प्रशिक्षणाची जागा निलंबनाच्या पहिल्या आठवड्यातच नोंदवा. न्यायालयाने कलम २२ खाली परवाना निलंबित केला असेल, तर मुदतीनंतर नव्याने चाचणी उत्तीर्ण होणे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र देणे या अटी आहेत. परत मिळाल्यावर सारथीवरची स्थिती बदलली आहे का, ते त्याच दिवशी पाहा. नोंद जुनीच राहिली असेल, तर नाक्यावरचा पोलीस कार्डाऐवजी यंत्रावरच्या नोंदीवर विश्वास ठेवील.

परवान्यावरचा शेरा मात्र लगेच जात नाही. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर कलम २५ नुसार शेरामुक्त परवाना मागता येतो. केवळ अतिवेगाचा शेरा असेल, तर एक वर्ष पुरते. हा परवाना मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून ती तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा आणि त्या दिवशी जुना परवाना, आदेशाची प्रमाणित प्रत आणि विहित शुल्क घेऊन अर्ज करा.